श्वासाच्या मशीनची गोष्ट : ते कुठून आलं आणि आपण कसं निवडावं



आज झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराबद्दल बोलू या, आणि त्यावर वापरतात त्या मशीनबद्दल. डॉक्टर या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत जुहूच्या रुग्णालयात गायक-संगीतकार बप्पी लाहिरी गेले. त्यांच्या आजाराबद्दल सांगताना डॉक्टरांनी हे नाव घेतलं आणि बऱ्याच घरांत ते टीव्हीवर पहिल्यांदा ऐकू आलं. तोपर्यंत घोरणं म्हणजे आपल्याकडे थट्टेचा विषय. “दिवसभर राबलाय, गाढ झोप लागलीय,” असं म्हणायचं आणि कूस बदलायची.

आपल्या पट्ट्यात तर हा आजार लपायला आणखी एक जागा आहे, ती म्हणजे रात्रपाळी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, भोसरीची एमआयडीसी वाढली आणि गेल्या पंचवीस वर्षांत चाकण भरलं. कारखान्याबरोबर पाळ्या आल्या. आज पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रीची. गुरुवारची सुट्टी झोपण्यात जाते. अशा माणसाला दिवसा पेंग आली, तो चिडचिड करू लागला, गाडीवर डुलकी लागली, की आपण पाळीला दोष देतो. पाळीचा त्रास असतोच, पण काही जणांना त्याच्या आड हा आजारही असतो.

आता गटांमधून या मशीनसाठी कर्ज मागितलं जाऊ लागलंय. किंमत ३०-४० हजारांपासून पुढे जाते. एवढा पैसा घालायचा तर हे मशीन कुठून आलं ते आधी समजून घेऊ. त्याचा इतिहास कळला की दुकानात उभं राहून काय विचारायचं तेही कळतं.

नेमकं काय होतं?

झोप लागली की सगळे स्नायू सैल पडतात, तसे जिभेचे आणि घशाचेही पडतात. काही जणांची घशाची वाट मुळात अरुंद असते. कुणाच्या गळ्याभोवती चरबी असते, कुणाचा जबडा मागे असतो, कुणाचे टॉन्सिल वाढलेले असतात. शेतात पाणी द्यायचा तो मऊ प्लास्टिकचा पाइप आठवा. पाणी सुरू असेपर्यंत फुगलेला, पाणी बंद केलं की चपटा. घशाचं तसंच होतं. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की डॉक्टर तो एक अडथळा मोजतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, माणूस मोठ्यानं फुरफुरतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

तासाला ५ ते १५ अडथळे आले तर आजार सौम्य, १५ ते ३० आले तर मध्यम आणि ३० च्या वर गेले तर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, तेही रात्रभर. वर्षानुवर्षं असं चाललं तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, लकव्याचा धोका वाढतो. आणि नाशिक रस्त्यावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या शेजारून दुचाकी चालवताना एकच डुलकी पुरेशी असते.

पेटी, पिशवी आणि घशाचं भोक

बाहेरून मशीननं श्वास द्यायचा, ही कल्पना रुग्णालयात रुजली ती पोलिओमुळे. १९२८ साली अमेरिकेत बोस्टन शहरात फिलिप ड्रिंकर यांनी लोखंडाची एक लांब पेटी बनवली. मूल आत झोपायचं, फक्त डोकं बाहेर. पेटीतली हवा कमी-जास्त केली की मुलाची छाती फुगायची आणि बसायची. त्यासाठी हवा ओढायला त्यांनी घरात धूळ ओढायच्या व्हॅक्यूम क्लीनरचे पंप वापरले होते. हे लक्षात ठेवा, व्हॅक्यूम क्लीनर या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

१९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. पेट्या मोजक्या आणि मुलं शेकड्यांनी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं वेगळा उपाय केला. घशाला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून हवा थेट फुप्फुसात ढकलली. पण पिशवी दाबणार कोण? सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावल्या आणि आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यू खूप कमी झाले. हवा बाहेरून दाब देऊन आत ढकलता येते हे तिथे पक्कं झालं, आणि आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच उभे राहिले.

झोपेतल्या श्वासाकडे मात्र अजून कुणी नीट पाहिलं नव्हतं. १८३६-३७ मध्ये चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकानं एका कादंबरीत जो नावाचा लठ्ठ पोरगा रंगवला होता. तो काम करता करता झोपायचा आणि घोरायचा. वाचणारे हसले. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या आजाराला त्या कादंबरीवरूनच नाव दिलं, पण तेव्हाही सगळा दोष लठ्ठपणावर गेला. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये आणि जर्मनीमध्ये डॉक्टरांनी अशा माणसांना तारा लावून झोपवलं, त्यांचा श्वास रात्रभर मोजला, तेव्हा कळलं की श्वास पुन्हा पुन्हा थांबतोय. शेजारी झोपणाऱ्या बाईला हे कधीपासून माहीत असणार. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग १९६९ पासून काही रुग्णांवर एक उपाय होऊ लागला. मिटणाऱ्या जागेच्या खाली, गळ्याला भोक पाडायचं. दिवसा ते बूच लावून बंद करायचं आणि रात्री उघडायचं. गुण यायचा, पण जन्मभर गळ्याला भोक घेऊन जगायचं! आपल्याकडच्या धुळीत, विहिरी-कालव्याच्या कामात ते कसं सांभाळणार?

सिडनीतली रात्र

जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात असाच एक रुग्ण आला. आजार तीव्र होता. त्याला गळ्याचं भोक सुचवलं होतं, पण ते त्याला नको होतं. तिथले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी आधी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर काम केलं होतं आणि त्यासाठी नाकावर बसणारे मास्क बनवले होते. त्यांनी रुग्णाच्या नाकावर मास्क बसवला, त्याला नळी जोडली आणि व्हॅक्यूम क्लीनरसारख्या मोटरनं हवा आत सोडली. हवा ओढणारं यंत्र आता हवा फुंकू लागलं. दाब वाढवला तसा घोरण्याचा आवाज थांबला, श्वास मोकळा झाला आणि माणूस कित्येक तास सलग झोपला. दाब कमी केला की श्वास पुन्हा अडकायचा.

एप्रिल १९८१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात पाच रुग्णांचा अहवाल छापून आला. या उपायाचं नाव सीपॅप, म्हणजे नाकातून सतत दिलेला हवेचा दाब. यात औषध नाही आणि जास्तीचा ऑक्सिजनही नाही. साधी खोलीतलीच हवा, फक्त दाबानं. पाण्यानं पाइप फुगून उघडा राहतो, तसा हवेनं घसा उघडा राहतो. दाब साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका असतो. किती, ते घरी करून बघा. तांब्यातल्या पाण्यात नळी १० सेंटीमीटर खोल बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. तेवढाच जोर.

सुरुवातीला मशीन घरी नेणाऱ्यांचे हाल होते. नाकाचा साचा घेऊन मास्क बनवायचा, तो रोज रात्री गोंदासारख्या पदार्थानं चेहऱ्याला चिकटवायचा आणि सकाळी सोलून काढायचा. मोटरचा आवाज इतका की घर जागं व्हायचं. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत कंपनीनं बनवलेलं मशीन बाजारात आलं. १९८९ मध्ये सुलिव्हन यांचं तंत्र विकण्यासाठी सिडनीत एक कंपनी निघाली, तिचंच नाव आज रेसमेड. मोटर लहान झाली, आवाज उतरला, मऊ सिलिकॉनचे मास्क आले. त्याच सुमारास बायपॅप आलं. श्वास घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी, असं ते मशीन. बायपॅप हे खरं एका कंपनीचं नाव, पण जसं आपण कुठल्याही प्रतीला झेरॉक्स म्हणतो, तसं ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुढे ऑटो सीपॅप आलं. ते ठरवलेल्या मर्यादेत दाब स्वतःच कमी-जास्त करतं.

मोजणीत बायका कुठे होत्या?

आपल्याकडची पहिली महत्त्वाची मोजणी मुंबईची. हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची माहिती घेतली आणि त्यांतल्या २५० जणांची झोप घरी तपासली. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला. दिवसा झोप येण्यासह हा आजार शंभरात ७.५ पुरुषांना होता. हा फक्त गोऱ्या, श्रीमंत देशांचा आजार आहे, ही समजूत तिथे संपली.

पण तुमच्या लक्षात आलं असेल, त्या मोजणीत एकही बाई नव्हती. झोपेच्या दवाखान्यांतही तेव्हा बहुतेक पुरुषच यायचे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांची झोप तपासली तेव्हा बायकांनाही घेतलं. शंभरात ४ पुरुष आणि २ बायका आजारी निघाल्या. म्हणजे दोन पुरुषांमागे एक बाई. दवाखान्यात मात्र ती दिसत नव्हती.

ती का दिसत नाही, हे आपल्याला सांगायला नको. बाईचा त्रास वेगळ्या रूपात येतो. झोप मोडते, सकाळी डोकं जड असतं, दिवसभर थकवा, मन लागत नाही. दवाखान्यात गेली तर “टेन्शन घेऊ नका” किंवा “रक्त कमी आहे” असं ऐकून येते. रक्त कमी असूही शकतं, ते तपासावंच. पण पाळी गेल्यानंतर या आजाराचा धोका वाढतो, थायरॉइड असेल तर वाढतो, आणि गरोदरपणात जोरात घोरणं व रक्तदाब एकत्र आले तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. नवरा घोरतो तेव्हा बायको जागी असते. बायको घोरते तेव्हा नवरा रात्रपाळीला असतो किंवा गाढ झोपलेला असतो. तिचे श्वास मोजणार कोण? मुलीनं, सासूनं, जावेनं मोजावेत. मोबाइलवर पाच मिनिटं आवाज भरून घेतला तरी डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो.

कर्जाचा अर्ज आणि ऑक्सिजनचं मशीन

खेड तालुक्यातल्या एका गटात एका ताईंनी नवऱ्याच्या मशीनसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. ओळखीतला एक जण कोरोनाच्या वेळी घेतलेलं मशीन निम्म्या किमतीत देत होता. गटातल्या आशाताईंनी विचारलं, “मशीनवर नाव काय आहे, आणि तपासणीचा कागद कुठंय?” फोटो पाहिला तर ते होतं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. कर्ज थांबलं नाही. गटानं ठरवलं, पहिला हप्ता तपासणीसाठी आणि बाकी कागद आल्यावर.

हा घोटाळा सहज होतो, कारण कोरोनात कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप दोन्ही नावं एकदमच आपल्या कानावर आली. कॉन्सन्ट्रेटर खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देतो. घशाची मिटलेली वाट तो उघडत नाही. वाट बंद राहिली तर श्वास अडकतच राहतो, आणि काही रुग्णांच्या अंगात वाईट वायू साठून त्रास वाढू शकतो. ते मशीन ज्या आजारासाठी आहे त्यासाठी चांगलंच आहे. या आजारावर ते उत्तर नाही.

जुनं मशीन घेण्याबद्दलचा दुसरा धडा जून २०२१ चा आहे. फिलिप्स कंपनीनं आपली सीपॅप, बायपॅप मशिनं जगभरातून परत मागवली. आवाज कमी व्हावा म्हणून आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. अशी मशिनं ५० लाखांहून जास्त होती. आपलं मशीन त्यात आहे का, हे अनुक्रमांकावरून शोधावं लागत होतं. ज्याच्याकडे बिल नाही आणि नोंद नाही, त्याला असा निरोप पोचणार कसा? आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. म्हणून पक्कं बिल, कंपनीचं नाव, अनुक्रमांक आणि हमीपत्र हे आपल्या हक्काचे कागद आहेत.

मग निवडायचं कसं?

पहिलं काम तपासणीचं. तिला स्लीप स्टडी म्हणतात. रुग्णालयात रात्रभर तारा लावून होते, किंवा छोटं यंत्र घरी नेऊनही होते. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. ही तपासणी तिथे होते का, किती दिवस थांबावं लागतं, हे जाऊन विचारा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयचं कार्ड असेल तर आधी चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करा. चौकशी खरेदीच्या आधी करायची. मशीन घेऊन मग बिल पुढे केलं तर पैसे मिळतीलच असं नाही.

अडथळे कमी असतील तर मशीन लागेलच असं नाही. वजन उतरवणं, दारू बंद करणं, कुशीवर झोपणं, कधी दाताच्या डॉक्टरांनी बनवलेली जबडा पुढे ठेवणारी पट्टी, यांनीही भागतं.

मशीन लागणार असेल तर बहुतेकांना सीपॅप किंवा ऑटो सीपॅप पुरतं. बायपॅप महाग आहे म्हणून जास्त चांगलं, असं नाही. ज्यांच्या अंगात वाईट वायू साठतो, फुप्फुसाचा किंवा स्नायूंचा आजार आहे, किंवा मोठा दाब सोसत नाही, त्यांच्यासाठी ते असतं. कुठलं आणि किती दाबाचं, हे डॉक्टरांच्या कागदावर हवं. दुकानदारानं ठरवायचं नाही.

मशीनइतकाच वेळ मास्कला द्या. पहिले रुग्ण मास्क चिकटवून झोपत होते, आणि आजही लोक मशीन सोडतात ते बऱ्याचदा मास्कमुळेच. फक्त नाकावरचा, नाकपुडीत बसणारा आणि नाक-तोंड झाकणारा असे तीन प्रकार असतात. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला तिसरा लागू शकतो. दाढी-मिशीतून हवा गळते. बायकांनी चमकी घालून मास्क लावून बघावा, टोचला किंवा गळाला तर चमकी रात्री काढून ठेवावी. मास्क बसून बघू नका, आडवं होऊन मशीन चालू करून बघा. काही दिवस भाड्यानं किंवा चाचणीसाठी मशीन मिळतं का, हेही विचारा. जीव घुसमटत असेल तर संध्याकाळी मालिका बघताना १५-२० मिनिटं लावून सवय करा.

घरी आल्यावर मास्क रोज सौम्य साबणानं धुवा. हवा ओली करणाऱ्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी घाला, बोअरचं नको. आपल्याकडे धूळ जास्त, म्हणून हवेची जाळी वरचेवर बघा. वीज जाते तिथे इन्व्हर्टरचा विचार आधीच करा. आणि रात्रपाळी असेल तर दिवसाच्या झोपेलाही मशीन लावायचं. ते चष्म्यासारखं आहे, लावलं तेवढाच वेळ उपयोग. किती तास लावलं, किती हवा गळली, किती अडथळे उरले, याची नोंद मशीन ठेवतं. महिन्यानं ती डॉक्टरांना दाखवा. रात्री किमान ४ तास तरी वापर व्हावा, असं डॉक्टर बघतात. पूर्ण झोपभर लावलं तर उत्तमच.

मैत्रिणींनो, पिशवी दाबणारे विद्यार्थी, तारा लावून जागणारे डॉक्टर, सिडनीतली ती रात्र, या सगळ्यांत कुणीतरी दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष देऊन बसलं होतं. आपण बायका हे काम घरात करतोच. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत आजारपणाच्या कर्जाचं पान उघडा आणि बघा, ते कर्ज कुणाच्या आजारासाठी निघालंय. नवरा, सासरे, मुलगा यांच्यासाठी निघालं असेल, निघायलाच हवं. पण जिला सकाळी उठल्यावर रोज डोकं जड वाटतं, जी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पेंगते, तिला हसू नका. तिच्या शेजारी कोण झोपतं ते विचारा, आणि तिच्या तपासणीचा ठराव वहीत लिहा.